पदवी हाती असताना पलटणीचे दार कोणते?



नर्मदेच्या काठचे मणिबेली हे गाव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात शिरले ते सर्वांत आधी याच गावात. निवडणूक आली की राज्याचे पहिले मतदान केंद्र म्हणून त्याचे नाव छापून येते, बोटीतून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो येतात. पुढची पाच वर्षे मग त्याची आठवण कोणाला होत नाही.

तेथे आम्हांस एक आदिवासी तरुण भेटला. "जिंदाबाद" म्हणाला. त्या खोऱ्यात रामरामाच्या जागी हाच शब्द रुळला आहे. मुलगा बी.ए. झालेला. बसल्याबरोबर त्याने विचारले, "सर, मला मिलिटरीत जायचंय. मित्र म्हणतात अग्निवीरचा फॉर्म भर. मामा म्हणतो, शिपायाच्याच रांगेत उभं राहायचं होतं तर कॉलेजात तीन वर्षं कशाला घालवली? तुम्ही सांगा." हा मामा परवेट्याला राहतो. गाव बुडू लागले तेव्हा मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत बडोदा जिल्ह्यात नेऊन वसवली, ते हे परवेटा.

असा प्रश्न आमच्याकडे केवळ सातपुड्यातून येत नाही. नांदेड, वाशीम, चंद्रपूर, मुंबईच्या चाळी, सगळीकडून येतो. घरोघरी एकच चर्चा चालते, जावे की जाऊ नये. आई डोळ्यांना पदर लावते, बाप पगाराचा हिशेब करतो, आणि फॉर्म मात्र मित्र आणून देतात. कोणत्या दाराने जावे हे कोणी बोलत नाही. आमच्या मते पदवीधराच्या घरात आधी तेच बोलले पाहिजे.

मामाचे गाव बडोद्याकडचे निघाले म्हणून आम्हांस १९१३ साल आठवले. मुंबई विद्यापीठाचा एक नवा बी.ए. त्या वर्षीच्या जानेवारीत बडोद्याला गेला. भीमराव रामजी आंबेडकर. बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली, असे चरित्रकार लिहितात. वडिलांना हे पसंत नव्हते. सुभेदार रामजींनी आयुष्य पलटणीत काढलेले, त्यांना मुलगा मुंबईतच हवा होता. भीमरावांनी ऐकले नाही. सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी शिष्यवृत्ती दिली होती, ते ऋण त्यांना फेडायचे होते. पुरते रुजू होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला एक दिवस उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी प्राण सोडला. ती मिठाई कोणी खाल्ली असेल, असा विचार ही हकीकत वाचताना आमच्या मनात दरवेळी येतो.

म्हणजे पदवी घेऊन फौजेत जावे की न जावे हा वाद आपल्या सगळ्यांत थोर घरातही झाला आहे, आणि तेथेही बाप आणि लेक एकमेकांचे ऐकत नव्हते.

सुभेदारांचे म्हणणे केवळ मायेपोटी नव्हते, असे आम्हांस वाटते. इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणसाने कितीही शौर्य केले तरी त्याची शिडी सुभेदार, फार तर सुभेदार मेजर येथे संपत असे. त्यावर साहेब. कालच मिसरूड फुटलेला गोरा लेफ्टनंट आला तरी पन्नाशीच्या सुभेदाराने सलाम ठोकायचा. त्यातही १८९२ पासून महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या त्या १९१८ पासून. डेहराडूनची अकादमी १९३२ ची. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. दार उघडायचे, गरज संपली की लावायचे, हा खेळ दोन पिढ्या पाहिलेला बाप मुलाला काय सल्ला देणार?

आदिवासींचा अनुभव याहून कडू आहे. मणिबेलीचा मुलगा खानदेशचा. याच खानदेशात १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांचे बंड भिल्लांच्या हातून मोडायचे, हे तिचे काम. वर्दी आपल्या माणसाची, हुकूम दुसऱ्याचा. धरणाच्या वेळी पोलीस गावात आले, ती आठवणही त्या काठावर अजून ताजी आहे. तेव्हा तेथल्या एखाद्या म्हाताऱ्याला नातवाने खाकी किंवा हिरवा रंग चढवावा हे रुचले नाही, तर त्याला अडाणी म्हणू नये.

परंतु एक गोष्ट बदलली आहे. हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीचे दार आज कायद्याने सर्वांना उघडे आहे, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे पदवी. रामजींकडे ती नव्हती. मणिबेलीच्या मुलाकडे आहे. ती खिशात ठेवून दहावीच्या दारापाशी का उभे राहावे?

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. सर्वसाधारण शिपायासाठी दहावी पास पुरते. नोकरी चार वर्षांची. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसपर्यंत कायम होतात, बाकीचे सेवानिधीचे पैसे घेऊन घरी येतात. योजना आली तेव्हा ती रक्कम ११ लाख ७१ हजारांच्या आसपास सांगितली होती. पेन्शन नाही. मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस, फक्त पहिल्या वर्षी ती तेवीस केली होती. याचा अर्थ उघड आहे. बी.ए.चा निकाल हाती येतो तेव्हा ही गाडी बहुधा सुटलेली असते, किंवा सुटण्याच्या बेतात असते. बारावीनंतर ज्याला शिकणे शक्यच नाही त्याने हा मार्ग धरला तर आम्ही नाव ठेवणार नाही. जवानाचे काम हलके आहे असे म्हणण्याची आमची जीभ नाही, आपल्या किती घरांच्या भिंतींवर त्या टोपीतले फोटो आहेत! पण पदवीधराने निराशेपोटी तेथे जावे, हे आम्हांस मान्य नाही.

त्याचे दार सी.डी.एस. परीक्षेचे. लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. डेहराडूनच्या अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे तीन पेपर. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच. गणिताने ज्याची झोप उडते त्या कलाशाखेच्या मुलाने हे वाक्य दोनदा वाचावे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि मुलींना फी नाही. मुलींसाठी चेन्नईचे दार आहे. कॉलेजात एन.सी.सी. करून 'सी' प्रमाणपत्र मिळवले आणि पदवीला निम्मे गुण असले तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला बोलावणे येऊ शकते. आमच्या किती मुलांनी एन.सी.सी. केवळ नाश्त्यासाठी केली आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला दांडी मारली, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

आता कठीण बाजू. या भरतीत राखीव जागा नाहीत. फीची सवलत आहे, पण निवडीत जागा राखलेली नाही. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची निवड-मंडळाची परीक्षा असते, भोपाळ, प्रयागराज, बंगलोर वगैरे ठिकाणी. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि पुष्कळ मुले संध्याकाळच्या गाडीने परत येतात. उरलेल्यांना चित्र पाहून गोष्ट लिहायला सांगतात, गटात बसवून चर्चा करायला लावतात, दोर-फळ्या देऊन अडथळा ओलांडायला सांगतात, आणि एक अधिकारी घरापासून गावापर्यंत सगळे विचारतो. इंग्रजी तुटकी असली तर एखादवेळ निभावते, गप्प बसणे मुळीच निभावत नाही. आपली मुले येथेच मार खातात. घरात बापापुढे बोलायचे नाही, वर्गात मागच्या बाकावर बसायचे, आणि मग एकदम आठ अनोळखी मुलांत पुढारपण दाखवायचे! ही तयारी परीक्षेच्या आधीच्या महिन्यात होत नाही. विहारातल्या सभेत, वसतिगृहाच्या भांडणात, ग्रामसभेत उभे राहून बोलण्याने होते. मणिबेलीच्या पोरांनी तर मोठमोठ्या साहेबांशी समोरासमोर वाद घातलेले बापजादे पाहिले आहेत. ही त्यांची शिदोरी कमी समजू नये. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे मुलाखतीची तयारी राहण्या-जेवणासह विनामूल्य करून घेतात. पहिल्यांदा मुलाखतीला जाणाऱ्यास रेल्वेचे भाडेही मिळते.

या दाराने साधी माणसे जात नाहीत असे कोणी म्हणेल, तर मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव सांगावे. मुंबईत जन्मलेला हा तरुण १९६८ साली एस.आय.ई.एस. कॉलेजातून विज्ञानाचा पदवीधर झाला. १९७१ मध्ये मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नई अकादमीत, दाखल झाला आणि १९७२ साली महार रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये अधिकारी झाला. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ८ महारच्या जवानांबरोबर लढताना ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र. याच रेजिमेंटमधून पुढे आलेले कृष्णराव आणि सुंदरजी देशाचे सेनापती झाले. अधिकाऱ्याला जात पाहून पलटण मिळत नाही, आणि महार रेजिमेंटमध्येही आज सर्व समाजांचे जवान आहेत.

मधले एक दारही आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. लष्कराच्या शिक्षण विभागात पदवीधरांतून हवालदार भरतात, जवानांना शिकवण्यासाठी. रामजीही लष्करी शाळेत शिकवीत असत. ज्याचा ओढा शिकवण्याकडे आहे त्याने ती जाहिरात पाहावी.

एका वाचक भगिनीने मागे विचारले होते, पंचशील घेतलेल्या घरातल्या मुलाने बंदूक धरावी काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. बाबासाहेबांनी बुद्धचरित्राची मांडणी करताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, आणि त्या विरोधाची किंमत गृहत्यागाने मोजली. नदीच्या पाण्यावरून घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे मणिबेलीला समजावून सांगायला नको. पण वैशालीचा सिंह सेनापती बुद्धाचा उपासक झाला, आणि सेनापतीही राहिला. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते केव्हा उचलायचे नाही हे जाणणे, एवढा अर्थ आम्ही घेतो. ज्याचे मन हे मानत नाही त्याने घरच्यांच्या दबावाखाली जाऊ नये. त्याच्यासाठी दुसऱ्या शंभर नोकऱ्या आहेत.

आणि केवळ मान मिळेल म्हणून जाणाऱ्यास आणखी एक सांगणे आहे. बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बडोद्याला गेले, या वेळी कोलंबिया विद्यापीठाची विद्या घेऊन, महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. हुद्दा केवढा! पण शहरात राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तेथूनही बाहेर काढले. काळ बदलला आहे. तरीही खांद्यावरचे तारे बराकीबाहेरच्या माणसाचे डोळे बदलतीलच, असे कोणी मुलाला सांगू नये. काम आवडते म्हणून जा, देशाचे वाटते म्हणून जा, पगार हवा म्हणूनही जा, त्यात लाज नाही.

जाता जाता सातपुड्यातल्या, आणि आमच्याही, वडीलधाऱ्यांसाठी. अकादमीसाठी मुलगा अविवाहित असावा लागतो. डेहराडूनला वय एकोणीस ते चोवीस, चेन्नईला पंचविसापर्यंत. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर असेल तीच धरतात. जातीचा दाखला निघायला वेळ लागतो, तो निकालाआधीच काढून ठेवावा. तेव्हा बी.ए.चा निकाल लागला की लगेच पोरगी पाहायला निघण्याची जी पद्धत आहे, ती दोन परीक्षांपुरती थांबवा. सुपारी कुठे पळून जात नाही.