कड्यावरील वाट आणि प्रवाशाचे कर्तव्य

प्रवासाचा बेत आखताना माणूस बहुधा पैशांचा आणि दिवसांचा हिशेब करतो. ज्या स्थळी आपण जाणार, त्या स्थळाचे आपल्याकडे काही मागणे आहे काय, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. स्पेनच्या दक्षिणेस, अंदालुसियातील मालागा प्रांतात, ग्वादालोर्से नदीने चुनखडीच्या डोंगरातून कापून काढलेल्या घळीच्या उभ्या भिंतीला लगटून जी एक अरुंद वाट गेली आहे आणि जी ‘कामिनितो देल रे’, म्हणजे राजाची छोटी वाट, या नावाने आज जगभरच्या प्रवाशांना ठाऊक झाली आहे, तिच्या बाबतीत हा विचार टाळून चालत नाही. तेथे जाण्यापूर्वी करावी लागणारी जी तजवीज अनेकांना जाचक वाटते, त्याच तजविजीवर त्या वाटेची सुरक्षितता आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी उभ्या आहेत. आणि म्हणून ती मनापासून करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने हे स्थळ आपल्या यादीतून वगळावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत आज मांडण्याचे कारण असे की, 2011 साली आलेल्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या हिंदी चित्रपटानंतर स्पेन हा देश आपल्याकडील मध्यमवर्गीय प्रवाशांच्या आवाक्यातला आणि आवडीचा झाला, बार्सिलोना, माद्रिद, ग्रानादा या नावांबरोबर या घळीचेही नाव घरोघरी ऐकू येऊ लागले, आणि त्याबरोबरच ‘जगातील सर्वांत धोकादायक वाट’ हे तिचे जुने, आता सर्वस्वी अयथार्थ झालेले विशेषण नव्या उत्साहाने प्रसृत होऊ लागले. भीतीचे आकर्षण बाळगून जो तेथे जातो, त्याला खरी वाट दिसतच नाही. कारण ही वाट भीती निर्माण करण्यासाठी कोणी बांधलेली नाही, ती पोटासाठी काम करणाऱ्या माणसांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी बांधलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या घळीतील पाण्याचा उपयोग वीजनिर्मितीसाठी करण्याची योजना एका जलविद्युत कंपनीने हाती घेतली. घळीच्या वरच्या अंगास गाइतानेहो येथे आणि खालच्या अंगास एल चोरो येथे असे दोन धबधबे तिच्या ताब्यात होते. त्या दोहोंच्या मध्ये कामगारांची ये-जा व्हावी, सामान वाहून नेता यावे आणि पाण्याच्या पाटाची देखरेख व डागडुजी करता यावी, एवढ्याच व्यावहारिक हेतूने 1901 ते 1905 या काळात ही वाट तयार करण्यात आली. राफाएल बेन्हुमेआ हे त्या उद्योगाचे सूत्रधार अभियंते. खडकात पोलादी आधार रोवावयाचे, त्यांवर काँक्रीटची जेमतेम मीटरभर रुंदीची पट्टी घालावयाची आणि खाली शंभर मीटरांवर नदी वाहत असता ते काम पुढे सरकवीत न्यावयाचे, असा तो प्रकार होता. दोरांना लटकून काम करण्याचा सराव असलेले खलाशी त्यासाठी आणले होते, असे त्या भागात सांगतात. त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांचे काम मात्र आले आहे. पुढे त्या परिसरातील सामान्य लोकही याच वाटेने येऊजाऊ लागले.

मे 1921 मध्ये स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो घळीच्या वरच्या बाजूस पूर्ण झालेल्या धरणाच्या समारंभासाठी तेथे आला, या वाटेवरून गेला असे सांगतात, आणि त्या भेटीवरून तिला राजाचे नाव पडले. बेन्हुमेआ यांना त्याच वर्षी ‘ग्वादालोर्सेचे काउंट’ हा किताब मिळाला आणि धरणालाही पुढे तेच नाव चिकटले. मराठी वाचकाला हे वर्ष परके वाटू नये. त्याच 1921 साली, मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीच्या खोऱ्यात टाटा कंपनीचे जे धरण बांधले जात होते, त्याविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. पाणी अडवून प्रकाश निर्माण करण्याच्या त्या युगात कोणाच्या दिव्यासाठी कोणाचे घर जाते, हा प्रश्न सह्याद्रीत जसा उभा राहिला, तसाच तो ग्वादालोर्सेच्या परिसरातही, काहीसा उशिरा का होईना, उभा राहिला: 1970 च्या दशकाच्या आरंभी तेथील ग्वादालतेबा जलाशयासाठी पेन्यारुबिया नावाचे एक अख्खे गाव रिकामे करण्यात आले आणि ते नाहीसे झाले. मुळशीची आठवण ज्या समाजाने जपली आहे, त्या समाजातील प्रवाशाने त्या जलाशयांच्या निळ्या पाण्याकडे केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून पाहू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

कालांतराने या वाटेची जरुरी कमी झाली, देखभाल थांबली, काँक्रीटची पट्टी जागोजाग ढासळली आणि कित्येक ठिकाणी केवळ गंजलेले पोलादी आधार शिल्लक राहिले. धाडस म्हणून त्या आधारांवरून चालणाऱ्यांची संख्या मात्र वाढतच गेली. 1999 आणि 2000 या दोन वर्षांतील अपघातांत माणसे मृत्युमुखी पडल्यावर प्रशासनाने वाटेची तोंडे बंद केली. परंतु मनाई असूनही लोक जात राहिले, आणि ‘सर्वांत धोकादायक’ ही तिची ख्याती याच उपेक्षेच्या काळात जन्मास आली. ज्या विशेषणाचा आज एवढा गाजावाजा होतो, ते विशेषण म्हणजे वस्तुतः एका सार्वजनिक बांधकामाच्या हेळसांडीचा दाखला आहे, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

त्या हेळसांडीतून मार्ग काढताना मालागाच्या प्रांतिक प्रशासनाने जे केले, ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. वाट कायमची बंद ठेवणे सोपे होते. थोडीफार दुरुस्ती करून ती सर्वांना खुली सोडणे त्याहून सोपे होते. त्यांनी तिसरा, खर्चाचा आणि कष्टाचा मार्ग पत्करला. वास्तुविशारद लुईस माचुका यांच्या आराखड्यानुसार जुन्या वाटेच्या किंचित वर लाकडी फळ्यांची नवी वाट पोलादी आधारांवर उभारण्यात आली, जुनी वाट तिच्या भग्नावस्थेतच खाली राहू दिली, आणि मार्च 2015 मध्ये नवी वाट लोकांसाठी उघडताना तिच्याबरोबर एक काटेकोर नियमावलीही अंमलात आणली. दररोज किती माणसांना आत सोडावयाचे, याची मर्यादा ठरली. प्रवेशाची वेळ तिकिटावर नोंदली जाऊ लागली. डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे झाले. आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सोमवारी वाट बंद. वारा किंवा पाऊस अनावर झाला तर कोणत्याही दिवशी बंद. आणि आता चालावयाचे ते एकाच दिशेने, उत्तरेकडील आर्दालेसच्या बाजूने दक्षिणेस एल चोरोकडे. तेव्हापासून लाखो लोक त्या कड्यावरून चालून गेले आहेत, आणि वाट अरुंद असूनही तेथे परस्परांना ढकलण्याचा प्रसंग येत नाही, याचे श्रेय जितके पोलादाला आहे, तितकेच या नियमांना आहे.

आता या नियमांशी आपला बेत कसा जुळवावा, ते सांगितले पाहिजे. कारण बहुतेकांचा विरस तेथेच होतो. ठरावीक संख्येचीच तिकिटे असल्याने वसंतातील आणि शरदातील सुट्यांच्या दिवसांची तिकिटे फार आधी संपतात. म्हणून शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव चालू असतानाच या तिकिटांकडे लक्ष द्यावे, आणि ती अधिकृत विक्रीतूनच घ्यावीत. तिकिटाची किंमत विमानभाड्याच्या मानाने नगण्य आहे; अडचण असते ती दिवस आणि वेळ मिळण्याची. जुलै-ऑगस्टमधील अंदालुसियाचा उन्हाळा विदर्भातील माणसाला सोसवणार नाही असे नाही, परंतु उघड्या खडकावरून तीन-चार तास चालण्यास एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने निःसंशय अधिक योग्य.

एकंदर मार्ग पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यांपैकी कड्यालगतच्या फळ्यांचा व त्यांच्या मधील दरीचा भाग तीन किलोमीटरांहून थोडा कमी, आणि उरलेला सगळा दोन्ही टोकांकडे जाण्यायेण्याचा. नियंत्रण-चौकीपर्यंत पोहोचण्यासच दीड ते पावणेतीन किलोमीटर चालावे लागते, हे ध्यानात न घेतल्यामुळे तिकिटावरची वेळ चुकते. चौकीपासून पुढे स्वच्छतागृह नाही, खाण्यापिण्याची सोय नाही, आणि मध्येच बाहेर पडण्याचीही मुभा नाही. तेव्हा पाणी, घट्ट बसणारे बूट आणि मुलांच्या वयाच्या पुराव्यासाठी पारपत्र, ही सामग्री बरोबर असलीच पाहिजे. मालागा शहरातून एल चोरोस आगगाडी येते, परंतु दिवसभरात गाड्या मोजक्याच. आणि वाट एका टोकास सुरू होऊन दुसऱ्या टोकास संपत असल्याने दोन्ही टोकांना जोडणाऱ्या बसचे वेळापत्रकही आधी पाहून ठेवावे लागते. वाऱ्यामुळे वाट ऐनवेळी बंद होण्याचा संभव नेहमीच असल्याने मालागाच्या मुक्कामात एखादा दिवस मोकळा ठेवावा. आणि ज्याला उंचीची भोवळ येते अशा आप्ताला केवळ सर्वांबरोबर राहण्याच्या आग्रहापायी तेथे नेऊ नये. त्याच्यासाठी खालच्या जलाशयाकाठी एक रम्य दिवस सहज घालवता येतो.

एवढी तयारी करून जो जाईल, त्याला काय मिळेल? त्याला ज्युरासिक काळातील चुनखडीत रुतून बसलेले अमोनाइटांचे जीवाश्म दिसतील आणि आपण ज्या कड्याला हात लावतो आहोत तो एकेकाळी समुद्राचा तळ होता, हे पुस्तकाविना कळेल. कित्येक ठिकाणी दहाएक मीटरांपर्यंत आकुंचित झालेली घळ आणि तिच्या तोंडावर संथपणे घिरट्या घालणारी गिधाडे दिसतील. आपल्याकडे ज्या पक्ष्यांची संख्या गेल्या काही दशकांत भयावह रीतीने घटली, त्यांच्या कुळातील पक्षी तेथे निर्वेधपणे उडताना पाहणे, हे भारतीय माणसाला विशेष स्पर्शून जाईल. समोरच्या भिंतीतून 1860 च्या दशकात खोदलेला कोर्दोबा-मालागा लोहमार्ग बोगद्यातून डोकावताना दिसेल. दोन घळींच्या मध्ये पसरलेली शांत, हिरवी दरी लागेल. शेवटी, नदीपासून 105 मीटर उंचीवर टांगलेला पूल ओलांडावा लागेल. परंतु या सर्वांहून अधिक बोलकी असेल ती पायांखालची जुनी वाट: तिची भगदाडे, तिचे वाकलेले लोखंड आणि शिरस्त्राणाविना, दोराविना, खांद्यावर ओझे घेऊन तिच्यावरून रोज कामावर गेलेली माणसे यांची जाणीव ज्याला फळ्यांवरून चालताना होईल, त्याचाच प्रवास सार्थकी लागला असे मी म्हणेन.

निसर्ग सर्वांचा आहे, मग त्याच्या दाराशी तिकीट, वेळ आणि संख्या यांची चौकी कशाला, असा आक्षेप या व्यवस्थेवर घेतला जातो. त्यामागील समतेची भावना मला आदरणीय वाटते. परंतु येथे संख्येची मर्यादा श्रीमंतीवर बेतलेली नाही. आधी नोंदणी करणाऱ्या कोणालाही अल्प किमतीत तेथे प्रवेश आहे, आणि घाईत आलेल्या धनिकालाही तो नाही. जे सर्वांचे आहे ते सर्वांनी एकाच सकाळी तुडवावे, असा समतेचा अर्थ होत नाही. उलट, ज्या सार्वजनिक वस्तूच्या रक्षणाची जबाबदारी कोणीच घेत नाही, ती वस्तू शेवटी धाडसी आणि दांडग्या मोजक्या लोकांचीच होते. 2000 नंतरच्या त्या बंद, मोडक्या वाटेने हेच सिद्ध केले होते. आज तिच्यावरून आठ वर्षांचे मूल जाते आणि त्याची आजीही जाते. नियमांनी वाट कोणाची हिरावून घेतली नाही. ती पुष्कळांना परत दिली.

म्हणूनच आपल्याकडील सहलींच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे की, ग्रानादा आणि सेव्हिल यांच्या मधल्या उरलेल्या दोन तासांत ही घळ उरकण्याचे आश्वासन त्यांनी प्रवाशांस देऊ नये. तिला एक पूर्ण दिवस द्यावा, नाही तर तिचे नाव कार्यक्रमातून काढावे. आणि आपल्या राज्यकर्त्यांना माझी विनंती त्याहून आग्रहाची आहे. 2025 साली मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी त्यांतील लोहगडासारख्या गडाच्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे यांची जी कोंडी होते, ती ज्याने पाहिली आहे, त्याला संख्येची मर्यादा, नेमून दिलेली वेळ आणि चढण्याउतरण्याची वेगळी दिशा यांची आवश्यकता पटवून द्यावी लागणार नाही. एखादा अपघात झाल्यावर काही आठवडे मनाई हुकूम काढावयाचा आणि पुढच्या मोसमात सारे विसरून जावयाचे, हा पायंडा मालागाच्या लोकांनीही एकदा पाळून पाहिला होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली होती. त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला, तो घेण्यासाठी आपण आपल्या गडांवर आणखी जीव जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.