लूप थांबणार कधी?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मैत्रिणीचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. त्याने पायथनमध्ये एक खेळ लिहिला. कॉम्प्युटर १ ते १०० मधला एक आकडा मनात धरणार, आपण अंदाज सांगायचा, तो "मोठा" किंवा "लहान" म्हणणार. खेळ छान चालला होता. फक्त बरोबर आकडा सांगितला तरी पठ्ठ्या पुढचा अंदाज विचारतच राही! पाहिलं तर फॉर लूप, १०० वेळा फिरणारा.

"शंभर कशाला?"

"मावशी, तेवढ्यात कुणालाही जमेलच ना!"

तसं खरंय. (दर वेळी उरलेल्यांतला मधला आकडा सांगितला तर सात अंदाजांत काम होतं, पण ते असो.) मला यात त्याची चूक वाटत नाही, शिकवण्याच्या क्रमाची वाटते. मी पाहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत नि व्हिडिओंत फॉर आधी येतो, ऐसपैस. मग व्हाइल येतो, तोही "सांभाळा हं, अनंत लूप होईल" अशी भीती घालत. माझ्या मते व्हाइल आधी शिकवावा. किती वेळा करायचं हे आधीच माहीत असेल तिथे फॉर. पण आपल्याला ते क्वचितच माहीत असतं. कणीक चाळीस वेळा मळ, असं कुठली आई सांगते? मऊ होत नाही तोपर्यंत मळ, असंच सांगते. माझं संशोधनातलं रोजचं कामही याच जातीचं: उत्तर बदलायचं थांबत नाही तोपर्यंत गणित पुन्हा पुन्हा सोडवायचं.

त्या कणकेच्या वाक्यातला "नाही" बघा. व्हाइलला नेमकं हेच हवं असतं. तो चालू राहण्याची अट मागतो, थांबण्याची नव्हे. आपली मुलं बहुधा स्क्रॅचपासून सुरुवात करतात, आणि तिथला "अमुक होईपर्यंत पुन्हा कर" हा ठोकळा थांबण्याची अट मागतो. पायथनमध्ये आल्यावर ती अट उलटी करावी लागते, आणि अटी दोन असल्या की घोळ होतो. "आकडा सापडला किंवा संधी संपल्या की थांब" हे उलटं करताना मुलं दोन्हीकडे "नाही" लावतात, पण मधला "किंवा" तसाच ठेवतात. मग आकडा सापडला तरी संधी उरल्यात म्हणून खेळ चालूच! तिथे "आणि" हवा. मी त्याला कीबोर्डवरून हात काढायला लावले आणि मराठीत सांग म्हटलं. तो म्हणाला, "जोपर्यंत आकडा सापडत नाही आणि संधी उरल्यात, तोपर्यंत विचारत राहा." आणि आपोआप आला. मराठीमुळे मुलं हुशार होतात वगैरे माझा दावा नाही. पण घरात जोपर्यंत-तोपर्यंत ऐकलेल्या मुलाकडे हा साचा तयार असतो, तो वापरायला काय हरकत आहे?

एका ठिकाणी मात्र हाच साचा दगा देतो. कणीक मळता मळता मऊ झाली तर हात तिथेच थांबतो. कॉम्प्युटरचा थांबत नाही. त्याची अट म्हणजे फाटकावरचा वॉचमन, फेरीच्या सुरुवातीला विचारणार, आत काय चाललंय ते बघणार नाही. "गल्ल्यात १०० पेक्षा कमी आहेत तोपर्यंत नाणं टाक आणि 'अजून भरला नाही' असं छाप" असं लिहिलं, तर शंभरावा रुपया पडल्यावरही एकदा "अजून भरला नाही" छापलं जातं. नवशिक्यांना हे खोटं वाटतं. इलियट सोलोवे, जेफ्री बोनार आणि केट एर्लिख यांनी तर १९८३ मध्येच दाखवलं होतं की, लूपच्या मधूनच बाहेर पडायची सोय पास्कल भाषेला जोडून दिली, तर विद्यार्थी जास्त बरोबर प्रोग्राम लिहितात. म्हणून ब्रेकला "वाईट सवय" म्हणणाऱ्या शिक्षकांशी माझं पटत नाही.

आणि अनंत लूपची भीती? तो मोठ्यांकडूनही होतो. ३१ डिसेंबर २००८ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून प्लेअर जगभर गोठले. वर्ष काढणारा त्यातला लूप दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोपर्यंत फिरायचा, आणि लीप वर्षात दिवस ३६६ पेक्षा जास्त असले तरच त्यातून ३६६ वजा करायचा. त्या दिवशी बरोबर ३६६वा दिवस होता. वजा काहीच झालं नाही, अट खरीच राहिली. उपाय काय सांगितला, तर बॅटरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी चालू करा!

तेव्हा मुलाला एकदा मुद्दाम अनंत लूप लिहू द्या. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो, कॉम्प्युटर जळत नाही. आमच्या पाहुण्याने तर तीन लिहिले. मग मी त्याला एक खेळ दिला: आकडा सम असेल तर अर्धा कर, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळव, १ येत नाही तोपर्यंत. २७ घातल्यावर तो ९२३२ पर्यंत चढला आणि १११ पायऱ्यांनी १ वर आला. "प्रत्येक आकडा येतो का १ वर?" त्याने विचारलं. कुणालाच माहीत नाही, मी म्हटलं, आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. त्याचा विश्वास बसला नाही. जेवायला हाक मारली तेव्हा तो स्वतःची जन्मतारीख घालून बघत होता.