नकाशात पाडा कुठे आहे?



१९९८ मध्ये वाढवणचं बंदर अडलं. सप्टेंबर महिन्यात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने निकाल दिला की असलं बंदर या तालुक्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ कंपनीला सरकार किनारा द्यायला निघालं होतं, तो बेत थांबला. कोळीवाड्यांत आनंद झाला, आपल्यालाही झाला. पण हा अंक आम्ही त्या आनंदासाठी काढलेला नाही. ज्या कागदाच्या जोरावर बंदर थांबलं त्याच कागदाबद्दल आज सांगायचं आहे, कारण तो कागद आपल्या पाड्यांवरूनही जातो.

हा कागद म्हणजे २० जून १९९१ ची केंद्र सरकारची अधिसूचना. डहाणू तालुका नाजूक पर्यावरणाचा म्हणून जाहीर झाला. कारखान्यांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकराच्या वर जागा नाही. तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा कारखान्यांशिवाय ठेवायचा. तलासरीवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं, तुम्ही त्या पट्ट्यात आहात. आणि तालुक्याचा एक मोठा आराखडा करायचा, त्यात हिरवे भाग, बागा आणि आदिवासी क्षेत्र स्पष्ट दाखवायचे आणि त्या जमिनीचा वापर बदलू द्यायचा नाही. सरकारने हे नीट पाळलं नाही म्हणून सुप्रीम कोर्टाला ३१ ऑक्टोबर १९९६ ला हुकूम द्यावा लागला. त्यातून डिसेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली हे प्राधिकरण आलं.

अधिसूचनेत 'आदिवासी क्षेत्र' हे शब्द आहेत. आपण ते वाचून खूश होतो. पण शब्द कागदावर असणं वेगळं आणि नकाशावर रेघ असणं वेगळं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघे एका कचेरीत नकाशा बघायला गेलो. दोन वेळा साहेब नव्हते. तिसऱ्या वेळी नकाशा टेबलावर पसरला. रंग छान होते. जंगल हिरवं, बागा दुसऱ्या हिरव्या, रस्ता लाल, रेल्वे काळी. आमच्यातल्या एकाने बोट फिरवत आपलं गाव शोधलं, नदी सापडली, नदीच्या वळणावरची टेकडी सापडली. टेकडीखाली त्याचा पाडा आहे, चाळीस घरं, विहीर, गावदेव. तिथे नुसता हिरवा रंग होता. पाडा कुठे म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं की हे जंगल आहे, जंगलात पाडा कसा असेल, दुसऱ्या कचेरीत विचारा. आम्ही बाहेर आलो, चहा प्यायलो, कोणी काही बोललं नाही. ज्याचा पाडा होता तो नंतर हसत म्हणाला, मग मी रोज रात्री झोपतो कुठे?

तो हसला, पण ही हसण्याची गोष्ट नाही. असा हिरवा रंग पुढे काय करतो ते बघायला लांब जायला नको. १९९८ मध्ये विरारपर्यंत शटल आणि पुढे लोकल असे. बोरिवलीला उतरायचं.

साष्टी बेटावर, म्हणजे एका अंगाला समुद्र, वर वसईची खाडी आणि पलीकडे ठाण्याची खाडी, याच्या मधोमध डोंगर आहे. तिथे १०३ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. नागला म्हणतात तो एक तुकडा तेवढा वसईच्या खाडीच्या उत्तरेला पडतो. आधी त्याला बोरिवली उद्यान म्हणत, १९८१ पासून संजय गांधींचं नाव दिलं. विहार आणि तुळशी ही मुंबईला पाणी देणारी तळी त्याच्यात आहेत, विहार १८६० चं, तुळशी १८७९ चं. कान्हेरीची लेणी तिथेच. मुंबईची माणसं रविवारी पोरांना घेऊन फिरायला जातात. आणि त्याच डोंगरात नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा असे आपल्या वारल्यांचे पाडे आहेत, ठाण्याकडून येऊरला आहेत. आवणी झाल्यावर आमच्यातले चौघे तिथे जाऊन आले. एका म्हातारीने आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग कोणाची सोयरीक कुठे ते विचारलं, आणि दोन नावांवर नातं निघालंच. बोली आपली, चौकात तांदळाच्या पिठाची चित्रं आपली. फक्त झाडांच्या वर मान केली की बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती दिसत आणि पाड्यात विजेचा दिवा नव्हता.

या उद्यानाबद्दल मुंबईच्या एका पर्यावरण संस्थेने हायकोर्टात अर्ज केला. ७ मे १९९७ ला हायकोर्टाने हुकूम दिला. उद्यानातली अतिक्रमणं काढा. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत ज्यांचं नाव नाही त्यांना लगेच. ज्यांचं नाव आहे त्यांनी ७,००० रुपये भरायचे आणि अठरा महिन्यांत त्यांना उद्यानाबाहेर दुसरी जागा द्यायची. ते अठरा महिने नोव्हेंबर १९९८ मध्ये भरले. हुकूम मुख्यतः झोपडपट्टीसाठी आहे असं शहाणी माणसं सांगतात. असेल. पण घरं मोजणारा माणूस जेव्हा उद्यानाच्या आत येतो, तेव्हा परवा बांधलेली झोपडी कुठली आणि पणज्याच्या वेळचा कुडाचा घर कुठला, हे त्याला कोण सांगणार? उद्यान ठरलं तेव्हा पाडा नकाशावर घेतलेला असता तर सांगायची पाळी आली नसती. आता पाड्यानेच शाबीत करायचं की आम्ही उद्यानाच्या आधीचे. झोपडीतली माणसंही गरीबच, त्यांच्या चुली मोडल्या याचा आम्हाला आनंद नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

थोडं कायद्याचं सांगू. कंटाळवाणं आहे पण वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

१९७२ चा वन्यजीव कायदा दोन प्रकार करतो. एक अभयारण्य, एक राष्ट्रीय उद्यान. दोन्हींत कलेक्टरने आधी गावागावात, तिथल्या भाषेत, जाहीर करायचं असतं की इतकी जागा आम्ही घेतो आहोत, कोणाचा काही हक्क असेल तर दोन महिन्यांत लेखी सांगा. अभयारण्यात कलेक्टर काही हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात तसं नाही. तिथे सगळे हक्क सरकारकडे गेल्याशिवाय शेवटची घोषणाच होत नाही, आणि मग गुरं चारणंसुद्धा बंद. मग आतल्या आत वाटण्या होतात. मधला गाभा, तिथे कोणी जायचं नाही. त्याच्या भोवती बफर, तिथे थोडंफार चालतं. गेटाजवळ पर्यटनाचा भाग, तिथे तिकीट काढलं की चालतं. बोरिवलीला हे डोळ्यांनी दिसतं. माणूस तिकीट काढून आला तर पाहुणा, जन्मून राहिला तर अतिक्रमण.

देशभर कितीतरी ठिकाणी कलेक्टरांनी हे दोन महिन्यांचं काम केलंच नव्हतं. म्हणून २२ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं की दोन महिन्यांत घोषणा काढा आणि वर्षभरात सगळं पुरं करा. चांगलं वाटतं ऐकायला. पण वर्षानुवर्षं न केलेलं काम वर्षात उरकायला निघालेला अधिकारी तुमच्या डोंगरावर चढून येईल का? तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावील आणि निघून जाईल. फळ्यावरचा कागद पावसात भिजतो, वाऱ्यात उडतो, दोन महिने मात्र चालू होतात.

समुद्रातही हेच आहे. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य केलं, २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट आणि पदमगड यांच्या भोवतीचं तीन चौरस किलोमीटरला थोडं जास्त पाणी गाभा ठरलं, बाकी बफर. पाण्यावर रेघ दिसत नाही, पण कागदावर आहे. तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण ज्या पाण्यावर बापजाद्यांनी जाळं टाकलं त्याचे तुकडे पाडताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांना आणि वैत्यांना हे लगेच समजेल.

आता आपल्यातला वाद. बैठकीत काही जण म्हणाले की मग ही हिरव्या रंगाची भानगडच नको, १९९१ चा कागद रद्द करा म्हणून आपणही मागणी करू. ही मागणी आधीच कोण करतं आहे ते बघा. ज्यांना जमिनी विकायच्या आहेत, ज्यांना डोंगर फोडायचे आहेत, ज्यांना २५ किलोमीटरचा पट्टा नको आहे, ते. मसोलीला आम्ही हा अंक ज्या खोलीत काढतो तिच्या बाहेर आलं की खाडीकाठच्या थर्मलचं धुराडं दिसतं. ५०० मेगावॅटची वीज तिथे होते आणि तारांवरून मुंबईकडे जाते. ते येतानाही विकास आणि नोकऱ्या असंच सांगितलं होतं. आपल्या किती पोरांना तिथे कायमची नोकरी लागली हे आपापल्या पाड्यात मोजा.

तरी हेही खरं की आमच्या वयाची पोरं रोज पहाटे उंबरगाव, वापी, बोईसरच्या गाड्या धरतात, बाकीची वीटभट्टीला, रेतीला, बोटीवर. त्यांना आम्ही काय सांगणार की कारखाना वाईट? त्यांचं पोट तिथे आहे. याचं उत्तर आमच्याकडे या अंकात नाही. एवढंच म्हणतो की हातातला प्लॉट गेला तर कारखान्याच्या फाटकावर उभं राहण्याशिवाय दुसरं काही उरणार नाही, आणि मग मजुरी तो सांगेल ती.

आणखी एक, आपल्यालाच बोचेल असं. काही पाड्यांतून रात्री लाकूड जातं. ठेकेदाराचा ट्रक खाली उभा राहतो, खांद्यावर ओंडका आपल्याच माणसाच्या असतो, त्याला पन्नास रुपये मिळतात. पकडला गेला तर तोच पकडला जातो. आणि मग कचेरीत साहेब बोट दाखवतो की बघा, हे जंगल राखणार. आम्ही ते ऐकून गप्प बसलो आहोत. असं पुन्हा व्हायला नको.

कारण जंगलाच्या वाटण्या आपल्याला काही नवीन नाहीत. आत्ताच वाघबारस झाली. शिवेवर वाघदेवाला शेंदूर लावला, नारळ फोडला. ती शीव कोणी सर्वेअरने आखलेली नाही, पण कुठल्या गावाची गुरं कुठपर्यंत ते दोन्ही गावांना माहीत आहे. देवाच्या रानात कोयता चालवत नाहीत. राबासाठी झाडाच्या फांद्या छाटायच्या, बुंधा तोडायचा नाही. शेवळं कधी काढायची, खेकड्याच्या मागे कधी जायचं, म्हातारी माणसं सांगतात. हेच कागदावर रंगात काढलं तर त्याला आराखडा म्हणतात. आपण काढलं नाही म्हणून दुसऱ्याने काढलं.

बोरिवलीच्या पाड्यांपेक्षा आपल्या हातात एक गोष्ट जास्त आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, बोरिवली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा संसदेत झाला. त्याप्रमाणे एक पाडा किंवा काही पाडे मिळून गाव होऊ शकतं आणि त्या गावाची स्वतःची ग्रामसभा. आपली रीत आणि सामायिक साधनं राखायला ती ग्रामसभा समर्थ आहे असं कायदाच म्हणतो. जमीन संपादन करायच्या आधी तिचा सल्ला घ्यायचा आहे. अजून कुठल्या अधिकाऱ्याने आपल्याला हे येऊन सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

दुसरं, प्लॉटचं. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जंगल जमीन कसणाऱ्यांची लागवड कायम करायचा सरकारचा ठराव त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला आहे. फॉरेस्टवाले म्हणायचे पुरावा दाखवा, दंडाची पावती दाखवा. ७ मार्च १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या कागदावर अडून बसू नका, दुसरा पुरावाही घ्या आणि चौकशी करा. ज्या प्लॉटची चौकशी पुरी झाली नाही तो प्लॉट नकाशात जंगल म्हणूनच रंगतो. म्हणून प्लॉटची लढाई आणि नकाशाची लढाई एकच आहे. प्राधिकरणापुढेही आपण हेच मागणार, की 'आदिवासी क्षेत्र' म्हणून जे काही आखाल त्यात जंगलातले पाडे आणि प्लॉट धरा, नुसतं गावठाण नको.

भात कापून झालं की प्रत्येक पाड्याने आपला नकाशा काढायचा आहे. मोठा कागद नसेल तर सिमेंटच्या पिशवीचा आतला कागद चालेल. शाळेत जाणारं पोर लिहील, म्हातारी माणसं सांगतील, आणि बायकांनी बसलंच पाहिजे, कारण पाणी, फाटी आणि कंदाच्या जागा त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत आहेत. घरं, विहीर, झरा, गावदेव, देवाचं रान, मसणवट, गुरांची वाट, राबाची जागा, प्रत्येकाचा प्लॉट, आणि जुनी आंब्याची, मोहाची झाडं कोणी लावली तेही. शेजारच्या पाड्याशी शिवेचा वाद असेल तर तो आधी आपसात मिटवा, तो वाद साहेबाच्या टेबलावर नेऊ नका. मग पाड्याची सभा घ्या, ठराव लिहा, सह्या अंगठे घ्या. कोऱ्या कागदावर कोणी अंगठा मागितला, मग तो आपल्यातला का असेना, द्यायचा नाही. अर्ज कचेरीत दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

येत्या अमावास्येला मसोलीला बैठक आहे, सकाळी दहाला. प्रत्येक पाड्यातून दोन माणसं, त्यातली एक बाई. येताना प्लॉटच्या दंडाच्या जुन्या पावत्या आणा, फाटलेल्या असल्या तरी आणा. बापाच्या नावाच्या असल्या तर जास्त चांगलं. भाकर बांधून आणा, चहाची सोय इथे आहे.