मासाही तपासा

पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. शिरूरची घोड नदीही भीमेतच येते. हे सारे पाणी दौंडवरून उजनी जलाशयात, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. तेव्हा सागरी माशांच्या शरीरात विषे साठतात, ही बातमी आपल्याला परकी नाही.

नदी प्रदूषित आहे का, हे आपण पाण्याचा नमुना तपासून ठरवतो. माझ्या मते हे अपुरे आहे. डीडीटीचे पाठ्यपुस्तकांतील प्रसिद्ध उदाहरण पाहा. पाण्यात एक अब्ज भागांत 0.003 भाग, प्राणिप्लवकांत दहा लाखांत 0.04, लहान माशांत 0.5, मोठ्या माशांत 2 आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत 25 भाग! पाण्यापासून पक्ष्यापर्यंत ही वाढ ऐंशी लाख पटींहून अधिक होते. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याचा पारा 1932 ते 1968 पर्यंत समुद्रात जात होता. 1956 मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. मासे खाणारी मांजरेही तेथे झटके येऊन मेली.

असे का होते? आवक रोजची असते, जावक मात्र फार मंद. माणसाच्या शरीरातील मिथिल पारा निम्मा होण्यास सुमारे 50 दिवस लागतात. किरणोत्सर्गाचे अर्धायुष्य तुम्ही शिकलाच आहात, गणित तेच. रोज 1 मायक्रोग्रॅम शोषला गेला, तर साठा सुमारे 72 मायक्रोग्रॅमवर स्थिरावतो. डीडीटी चरबीत मुरते, तर मिथिल पारा मांसातील प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे चरबी काढून वा मासा शिजवून तो जात नाही. (दोन्ही विषे चरबीतच साठतात असे पुष्कळदा सांगितले जाते, ते चूक आहे.)

म्हणून मासे खाणे सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. उजनीच्या मासेमारीवर अनेकांची चूल पेटते आणि नुसती अफवा त्यांचेच नुकसान करते. शेवाळ-प्लवकांवर जगणारी चिलापी अन्नसाखळीत खालीच असते. तारली, मांदेलीचेही तेच. दुसरे मासे खाणारा मरळ आणि समुद्रातील मुशी यांची गोष्ट वेगळी. मासा तपासायचा तो असा, थोराड आणि शिकारी. दरवर्षी त्याच जातीचा आणि साधारण तेवढ्याच लांबीचा घ्यावा, नाहीतर वयाचा फरक प्रदूषणाचा फरक म्हणून मोजला जाईल. आलेला आकडा दौंडच्या आणि भिगवणच्या मासळी बाजारात फळ्यावर मराठीत लिहावा.