पडशीचा प्रवास आणि प्रतिष्ठेची सहल

देशाटनाची थोरवी आपणांपैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केली आहे. परंतु घरची मुलगी पाठीवर पडशी टाकून देशाटनास निघाली, की ती थोरवी आपणांस आठवेनाशी होते. गेल्या महिन्यात आमचे एक स्नेही आपल्या पदवीधर कन्येस घेऊन आमच्याकडे आले. तिने वर्षभराच्या पगारातून पैसे शिल्लक टाकून कंबोडियास जाण्याचा बेत केला होता. स्वस्तातले विमान, वसतिगृहातील दुमजली खाट व भाड्याची सायकल, असा तिचा हिशेब. वडिलांचे म्हणणे असे की, "सहल कंपनीचे दुप्पट पैसे मी भरतो, पण ही भिकारवृत्ती नको. आपणच तिला दोन शब्द सांगा." ते दोन शब्द आम्ही येथे सांगत आहो, मात्र ते कन्येस नसून वडिलांस आहेत.

अशा एका कंपनीबरोबर आम्ही स्वतः अंगकोर पाहून आलो आहो. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण दोष एका कंपनीचा नसून त्या रीतीचाच आहे. पहाटेच्या अंधारात आम्हांस तळ्याकाठी उभे केले; सूर्य उगवला, छायाचित्रे निघाली आणि मंडळी न्याहारीस परतली. पुढे अंगकोर वाटच्या पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाच्या शिल्पापुढे आलो, तोच मार्गदर्शकाने घड्याळ दाखविले. सुमारे ४९ मीटर लांबीचे ते शिल्प. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म! आजीच्या तोंडून ऐकलेली कथा बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या शिल्पकारांनी इतक्या दूर देशी दगडात कोरून ठेवली, आणि आम्ही तिच्यापुढून दहा मिनिटांत चालते झालो. कारण पुढे भोजन होते, आणि तेही आपल्याच घरच्यासारखे! पैसे भरपूर दिले होते. पाहावयाचे तेवढे राहून गेले.

ती हळहळ मनात ठेवून काही वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस एकटे, आणि सायकलीवरून. सियेम रीप गावापासून अंगकोर वाट सुमारे ६ किलोमीटर. २०१७ साली ठरलेल्या दराने तेथील प्रवेशपत्रास एका दिवसाचे ३७ डॉलर पडतात, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२. एक दिवसाच्या पाहुण्यास जे ३७ डॉलरांत मिळते, ते सात दिवस राहणारास रोजी दहा डॉलरांच्या थोडे वर पडते. म्हणजे स्वस्त प्रवास हा बहुधा सावकाश प्रवास असतो, आणि सावकाश पाहिल्यावाचून काही पाहिले जात नाही. सातव्या जयवर्म्याने उभारलेल्या बायोन मंदिराच्या बाहेरील भिंतींवर युद्धांच्या जोडीला बाजारहाट, स्वयंपाक आणि कोंबड्यांच्या झुंजी कोरल्या आहेत. त्या पाहून सायंकाळी बाजारात आलो, तो एक बाई निखाऱ्यांवर मांसाच्या काड्या भाजीत बसली होती. सकाळची भिंत जिवंत झाल्याचा भास झाला. वातानुकूलित मोटारीतून हा बाजार दिसतो. त्याचा धूर मात्र डोळ्यांत जात नाही.

मुलीच्या सुरक्षिततेचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नव्या गावी दिवसाउजेडी पोहोचावे, पत्ता घरी कळवावा, प्रवासाचा विमा उतरावा आणि जागा पसंत न पडल्यास तत्काळ दुसरीकडे जाता येईल एवढे पैसे जवळ ठेवावे. येथे काटकसर करणे म्हणजे मूर्खपणा. पण मुलगी घराबाहेर पडू नये म्हणून जे भय दाखविले जाते, त्यात काळजी किती आणि शेजारी काय म्हणतील याची धास्ती किती, हे आमच्या स्नेह्यांनी स्वतःशी तपासून पाहावे.

पडशीवाल्यांसही एक गोष्ट ऐकविली पाहिजे. अर्ध्या डॉलरासाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करून पुढे त्याचीच फुशारकी मारणारे तरुण आम्ही तेथे पाहिले. काटकसर करावी ती आपल्या पोटाला चिमटा घेऊन. दुसऱ्याच्या पोटाला घेतलेला चिमटा म्हणजे लूट.

राहिला 'भिकारवृत्ती' हा शब्द. १८९९ साली गोव्यातील घर सोडून निघालेले धर्मानंद कोसंबी जवळ द्रव्य नसता पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले, ते विद्येसाठी. वरसईचे गोडसे भटजी उत्तरेस गेले ते दक्षिणेच्या आशेने, आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला व आज आपल्या कपाटांत मानाने बसला आहे. त्यांस आपण थोर म्हणावे, आणि त्याच वाटेने निघालेल्या स्वतःच्या मुलीस भिकारी म्हणावे, हा कोठला न्याय?

आमच्या स्नेह्यांस विनंती एवढीच की, कंपनीस द्यावयाचे ते दुप्पट पैसे त्यांनी जपून ठेवावे. कन्या परत आली म्हणजे तिला समुद्रमंथनाविषयी विचारावे. आणि ती सांगू लागली, की घड्याळ न पाहता शेवटपर्यंत ऐकावे.