औषधाच्या डब्याची किल्ली

ज्या हातांनी जन्मभर बियाणे मापले, फवारणीचे औषध पाण्यात मोजून मिसळले, त्या हातांना वृद्धाश्रमात गेल्यावर स्वतःची गोळीही घेऊ दिली जात नाही, असे बऱ्याच ठिकाणी दिसते. आल्या दिवशी औषधांची पिशवी कार्यालयाच्या कपाटात जाते आणि ठरल्या वेळी कोणीतरी तळहातावर गोळी ठेवतो. चूक होऊ नये हा हेतू चांगलाच; पण सरसकट सर्वांना एकच नियम लावणे आम्हास पटत नाही.

आपल्या गोळ्या ओळखणारा माणूस चुकीची गोळी हाती आली तर "ही माझी नव्हे" म्हणून परत करतो. मधुमेहाचे इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातील साखर उतरते, घाम फुटतो, भोवळ येते. जाणता रोगी ते ओळखून वेळीच साखर मागतो. आणि नाताळला चार दिवस घरी गेल्यावर गोळी कोण देणार? सवय मोडली असली की तेथेच घोटाळा होतो.

याला दुसरी बाजूही आहे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ज्याला वार आठवत नाही त्याच्या हाती ती देऊ नये.

म्हणून माणूस पाहून ठरवावे. ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०१४ साली अशा निवासांसाठी हेच सांगितले: रहिवासी आपली औषधे सांभाळू शकतो असे धरून चालावे, पारख करून धोका दिसला तरच ती आपल्याकडे घ्यावीत.

आमची सूचना अशी. प्रवेशाच्या वेळी परिचारिकेने विचारावे: औषधे स्वतः सांभाळायची इच्छा आहे का? कोणती गोळी कशासाठी व केव्हा, हे सांगता येते का? बाटलीचे झाकण उघडते का? जमत असेल तर खाटेजवळ कुलपाचा लहान डबा द्यावा, म्हणजे शेजारचा विसराळू सोबती गोळ्या उचलणार नाही. दर आठवड्यास गोळ्या मोजाव्यात. मोठ्या आजारानंतर पुन्हा पारख करावी. सगळे जमत नसेल तर दम्याचा पंप उशाशी आणि बाकीची औषधे कपाटात, असेही चालते.

आईवडिलांना आश्रमात ठेवणाऱ्यांनी खोली व जेवण पाहतानाच हेही जरूर विचारावे: औषधाच्या डब्याची किल्ली कोणाकडे राहील?