शुक्रवारचं पाणी

सदर : भाड्याचं घर

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं म्हटलं की तो वार गुरुवार. शुक्रवारी सकाळी ‘उशिरा आणि कमी दाबाने’ पाणी येईल, हे पुढचं वाक्य इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. नळाची, पाइपची जुनी कामं काढायला प्लंबरला हाच दिवस सोयीचा. आमच्या समोरच्या ताईंच्या डोक्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. ताईंचा आणि तो, दोन्ही एकाच घरमालकांचे. त्यांनी अशाच एका गुरुवारी प्लंबरला किल्ली दिली आणि बाथरूमचा पाइप बदलून घेतला. काम चोख झालं. सिमेंटचा राडा आत जाऊ नये म्हणून नहाणी ट्रॅपमध्ये पोत्याचा तुकडा कोंबला होता, तो काढायचा राहिला. पाणी येतंय का पाहायला नळ सोडला होता, तो बंद करायचा राहिला. टाकी कोरडी होती, त्यामुळे नळातून थेंबही आला नाही आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

शुक्रवारी पहाटे पंप सुरू झाला, टाकी भरली. सातच्या सुमारास ताईंनी माझं दार वाजवलं.

ताई ब्लाउज शिवतात. लग्नसराई होती. पुढच्या खोलीत दोरीवर आणि कटिंगच्या टेबलावर मिळून सतरा गिऱ्हाइकांचं कापड होतं. पंख्याच्या हुकातून पाण्याची धार थेट टेबलावर लागली होती. लाल कापडाचा रंग मोतिया कापडावर उतरला होता, हिरव्याचा अबोलीवर. शिलाई मशीनच्या मोटरीत पाणी गेलेलं. मी आधी मेन स्विच पाडला, कारण पाणी भिंतीवरून बोर्डाच्या दिशेने उतरत होतं. अशा वेळी बादल्या लावायच्या आधी वीज बंद करायची, हे कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ओली मोटर ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करणं तर जिवावरचं काम.

घरमालक काका ठाण्याला मुलीकडे होते, ते दुपारपर्यंत आले. वरचं कुलूप उघडलं, पोतं ओढून काढलं, पाणी उतरलं. मग खाली येऊन ओल्या टेबलाकडे बघत म्हणाले, “अहो, मुद्दाम थोडंच केलंय कोणी?” ताई लगेच म्हणाल्या, “राहू द्या हो काका, होतं असं कधीकधी.”

ताईंचं हे वाक्य मला काकांच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. ते मोठ्या मनातून आलं नव्हतं, भीतीतून आलं होतं. त्यांचा अकरा महिन्यांचा करार दोन महिन्यांत संपणार होता, अनामत रक्कम काकांकडे होती आणि मुलाची शाळा याच गल्लीच्या तोंडाशी होती. भाड्याने राहणारा माणूस आपलं नुकसान मोजताना आधी हे सगळं मोजतो आणि मग गप्प बसतो. ही गप्प बसण्याची सवय मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि ती भांडण न करता मोडता येते, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

काका खरंच बोलत होते, मुद्दाम कोणीच केलं नव्हतं. पण ‘मुद्दाम’ या शब्दाचं काम कुठे असतं ते नीट पाहा. भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या खोडसाळ नुकसानीचा जो गुन्हा आहे, कलम 324, त्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होईल ही जाणीव लागते. म्हणून अशा प्रसंगी पोलीस चौकीत धावण्यात फारसा अर्थ नसतो. पण भरपाईचा प्रश्न दिवाणी आहे आणि तिथे विचारलं जातं ते एवढंच की साधारण माणूस घेईल तेवढी काळजी घेतली होती का? उत्तम निगा राखलेला पाइप अचानक फुटला तर घरमालकाकडे खरंच उत्तर असतं. नळ उघडा आणि ट्रॅपमध्ये पोतं, याला उत्तर नाही. ‘मुद्दाम नाही’ म्हटल्याने गुन्हा टळतो, टेबलाचा खर्च कोणाचा ते त्याने ठरत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरं आता लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. या नात्याचा पाया 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याच्या कलम 58 नुसार, ज्याने जागा वापरायला दिली त्याने ती जागा वापरणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक होईल असं काहीही करायचं नाही. कलम 57 म्हणतं की जागेत असा धोका आधीपासून असेल आणि तो मालकाला माहीत असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. जवळजवळ दीडशे वर्षं ही दोन कलमं पुस्तकात आहेत. मी आजवर जेवढे करार वाचले, त्यांत भाडेकरूने भिंतीला खिळा मारला तर काय, नळ तुटला तर काय, याच्या ओळीच्या ओळी असतात. मालकाच्या हातून किंवा त्याने पाठवलेल्या माणसाच्या हातून भाडेकरूचं सामान खराब झालं तर काय, याची एक ओळही मला सापडलेली नाही. पुढचा करार करताना ती घालून घ्या: ‘घरमालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने केलेल्या कामामुळे परवानाधारकाच्या सामानाचं नुकसान झाल्यास त्याची वाजवी भरपाई घरमालक देईल.’ भला मालक या ओळीला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याबद्दल तुम्हाला घर घेण्याआधीच काही कळलेलं असतं.

काकांचं दुसरं वाक्य होतं, “प्लंबरकडून वसूल करतो.” हे मला अजिबात पटत नाही. प्लंबर ताईंनी बोलावला नव्हता. त्याचं नाव, नंबर, मजुरी, काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. इंग्लंडात 1868 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला निकाली काढला. लँकशायरमधल्या एका गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून पाण्याचा साठा बांधून घेतला, पाणी जुन्या बुजलेल्या खाणीच्या वाटांनी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. चूक कंत्राटदारांची होती, भरपाई गिरणीमालकाला द्यावी लागली. तो नियम घरातल्या नळाच्या पाण्याला जसाच्या तसा लावत नाहीत, हेही सांगायला हवं. पण त्यातला न्याय साधा आहे. काम ज्याने काढलं, त्याने आधी नुकसान सोसणाऱ्याशी हिशेब मिटवावा. कारागिराशी त्याचं त्याने बघावं. रोजंदारीवरच्या माणसाला भाडेकरूसमोर उभं करून ओरडणं हा तर हिशेबही नव्हे.

आता ताईंनी काय केलं ते सांगतो, कारण मी त्यातून बरंच शिकलो.

त्यांच्याकडे मापाची वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, टेबलाच्या खणात असल्यामुळे कोरडी राहिलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली, कापड कसलं, किती, कोणत्या तारखेला द्यायचं, शिलाई किती, सगळं होतं. कोपऱ्यात टाचणीने त्या कापडाची चिंधी लावलेली. मी ‘पुरावा गोळा करा’ वगैरे बोलत होतो आणि त्या शांतपणे ती वही घेऊन बसल्या. प्रत्येक ओला पीस वहीतल्या चिंधीशेजारी धरायचा, मी फोटो काढायचा. मूळ रंग आणि उतरलेला रंग शेजारी शेजारी. एखाद्या तलाठ्यानेही इतका नेटका पंचनामा केला नसता.

फोटो मूळ फोनमध्ये तसेच ठेवायचे, एवढंच मी सांगितलं. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत वेळेचा तपशील राहत नाही आणि प्रकरण पुढे गेलंच तर मूळ फाइल लागते. मग सगळं सुकवायला घालण्याआधी छताचा, हुकाचा, वरच्या बाथरूमचा, त्या पोत्याचाही फोटो. त्याच संध्याकाळी काकांना एक मेसेज गेला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. काय झालं, किती वाजता झालं, काय भिजलं, यादी उद्या देते, एवढंच. काकांनी ‘ओके ताई’ लिहिलं. हे दोन शब्द फार मोलाचे. चार महिन्यांनी माणसाला आठवत नाही, मोबाइलला आठवतं.

सतरापैकी अकरा पीस धुऊन, मिठाच्या पाण्यात घालून वाचले. सहा गेले. त्यांतल्या पाचांचं कापड गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या किमतीने 3,150 रुपये. मोटर बदलायला 1,600. तीन दिवस काम बंद, वहीतल्या सरासरीने रोजचे 700, म्हणजे 2,100. टेबल चार वर्षांपूर्वी 6,000 ला घेतलं होतं, प्लाय फुगला होता, त्याचे ताईंनी 2,500 धरले. मी म्हटलं, नवं येईल तेवढे मागा. त्या म्हणाल्या, “वापरलेलं टेबल नव्याच्या भावाने कसं मागू?” त्यांचंच बरोबर होतं. करार कायद्याचं कलम 73 ही तेच सांगतं. करारभंगातून सरळ उद्भवलेला तोटा मागता येतो, लांबचा, ओढून ताणून आणलेला नाही. शिवाय तोटा वाढू न देण्यासाठी तुम्ही हात हलवले का, हेही पाहिलं जातं. मिठाच्या पाण्यात वाचवलेले ते अकरा पीस म्हणूनच त्यांच्या बाजूने बोलत होते.

गिऱ्हाइकांचं कापड हा वेगळा पेच. विश्वासाने दिलेली वस्तू आपल्या वस्तूसारखी सांभाळली असेल तर ती खराब झाल्याचा दोष सांभाळणाऱ्यावर येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 152 मध्ये आहे. पण गल्लीत धंदा करणारी बाई गिऱ्हाइकाला कलम दाखवत नाही. ताईंनी सहा जणींना स्वतः फोन केले.

मी एक गोष्ट मात्र ठामपणे अडवली. शेजारच्या विंगमधल्या कोणीतरी सल्ला दिला होता, “पुढच्या महिन्याचं भाडंच देऊ नका, आपोआप वळतं होईल.” हे कधीही करू नका. न विचारता कापलेलं भाडं कागदावर थकबाकी ठरतं, आणि जो माणूस नुकसान सोसून बसलाय तोच करार मोडणारा दिसू लागतो. भाड्यातून वळतं करायचं असेल तर मालकाचा तसा लेखी होकार घ्या, रक्कम आणि महिना लिहून घ्या. भाडं आपल्या बाजूने वेळेवर गेलेलं असणं हीच भाडेकरूची सगळ्यात भक्कम जमीन आहे.

पाणी सोसायटीच्या टाकीतून किंवा बाहेरच्या लाइनमधून आलं असतं तर वाट निराळी असती. आदर्श उपविधींप्रमाणे टाक्या, पंप, बाहेरच्या वाहिन्या, गच्ची यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. पण भाडेकरू सभासद नसतो, म्हणून अर्ज घरमालकाच्या नावाने आणि प्रत सेक्रेटरीला. मॅनेजरला तोंडी सांगून आलेल्या तक्रारी रजिस्टरमध्ये सापडत नाहीत. आणि विमा. ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी 2021 पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते, तीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, ओसंडणं हे धोके आहेत आणि भाडेकरू नुसत्या सामानाचाही विमा काढू शकतो. पॉलिसी घेताना एकच पाहायचं. घरात धंदा असेल तर धंद्याचं सामान त्यात धरलंय का, हे आधी विचारून घ्यायचं.

रविवारी काका यादी घेऊन बसले. कामबंदीचे 2,100 पाहून थबकले. ताईंनी वही पुढे केली, मागच्या तीन महिन्यांची पानं. काकांनी चष्मा लावून सगळी पाहिली आणि मान डोलावली. टेबलाबद्दल म्हणाले, माझा सुतार आहे, नवा सनमायका लावून देतो, नाही जमलं तर पैसे. 6,850 रुपये तिथल्या तिथे फोनवरून आले. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर दोघांनी ‘टेबल सोडून बाकी हिशेब मिटला’ असं लिहून सही केली. करार पुढे अकरा महिन्यांसाठी वाढला, आणि ताईंनी ती नवी ओळ त्यात घालून घेतली.

सहापैकी एका पीसची किंमत मात्र लावता आली नव्हती. त्या बाईंनी फोनवर पैसे नको म्हटलं होतं. ते कापड म्हणजे त्यांच्या गेलेल्या आईच्या साडीतून काढलेलं, लेकीच्या लग्नात घालायचं म्हणून. काकांनी ताईंकडून पत्ता घेतला आणि सोमवारी स्वतः गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत येताना त्यांच्या पिशवीत तो डागाळलेला पीस होता. कापड गेलं होतं, जरीचा काठ मात्र धड होता. ताईंनी तो टाचण काढून वेगळा केला, तेवढाच दोनदा धुतला, आणि काकांनी आणून दिलेल्या नव्या मोतिया कापडाच्या बाहीला लावायला घेतला.